कुलूपबंद गाण्याच्या गावी : बोलोन्या, फेर्रारा, मोदेना

नोव्हेंबरात पो नदीच्या खोऱ्यात धुकं असतं, हॉटेलं स्वस्त असतात आणि संग्रहालयांत शाळेच्या सहली सोडल्या तर फारसं कोणी नसतं. ताईला आणि मला तिन्ही गोष्टी चालण्यासारख्या होत्या. रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स यांतलं काहीच यादीत नव्हतं, त्यामुळे घरच्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. यादीत होता एक माणूस : लुत्सास्को लुत्सास्की. जन्म फेर्रारात, १५४५ च्या सुमारास. मृत्यूही तिथेच, १६०७ मध्ये. मधली हयात फेर्रारावर राज्य करणाऱ्या एस्ते घराण्याच्या दरबारात गेली. आधी गायक, १५६४ पासून ऑर्गनवादक, आणि पुढे ड्यूक दुसरा आल्फोन्सो याच्या खासगी मैफलींचा कर्ताधर्ता.

ताई सांगलीत शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाली. तिची तालीम किराण्याची. मोबाइलवर काहीबाही ऐकत असताना तिच्या कानावर लुत्सास्कीचं तीन बायकांनी गायलेलं एक मॅड्रिगल पडलं आणि तिने मला फोन केला. "अरे, या तिघी एकदम ताना घेतायत. एकाच वेळी! आणि एकमेकींच्या अंगावर पडत नाहीत. हे कसं काय?" सहलीचं निमित्त एवढंच.

ज्यांना मॅड्रिगल हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी : सोळाव्या शतकातल्या इटलीत चांगल्या कवितेला बहुधा पाच आवाजांत लावलेलं गाणं. पाचही जण आपापली वेगळी ओळ गातात. ध्रुवपद नाही, कडवी नाहीत. कविता जशी सरकेल तसं संगीत बदलतं. शब्दात उसासा आला की सूर मध्येच तुटतो, कोणी पळालं की सूरही पळतात. कधीकधी हे फार बाळबोध वाटतं, ते मी आधीच कबूल करतो. पण लुत्सास्कीसारख्याच्या हातात गेलं की त्याच युक्तीने अंगावर काटा येतो.

बुधवार : बोलोन्या

विमान, बस, सामान या गोष्टींत सांगण्यासारखं काही नाही. दुपारी आम्ही स्त्रादा माज्जोरेवरच्या संगीत संग्रहालयात होतो. बोलोन्याच्या प्रसिद्ध कमानींखालून चालत गेलं की ३४ नंबरला एक जुना वाडा लागतो, त्यातच हे संग्रहालय आणि ग्रंथालय आहे. अठराव्या शतकात पाद्रे मार्तिनी नावाच्या विद्वान धर्मगुरूने आयुष्यभर जमवलेल्या पोथ्यांतून ते उभं राहिलं. चौदा वर्षांच्या मोत्सार्टने १७७० मध्ये इथल्या अकादमीची परीक्षा दिली, तो कागदही त्यांच्याकडे आहे. लोक तो बघायला येतात. आम्ही आलो होतो एका कीबोर्डसाठी.

वीतो त्रासुंतिनो या कारागिराने १६०६ मध्ये व्हेनिसला तो बनवला, नोव्हेल्लाराचा काउंट कामिल्लो गोन्झागा याच्यासाठी. चार सप्तकं आणि पट्ट्या १२५. आपल्या हार्मोनियमच्या सप्तकात बारा असतात, इथे एकतीस. पांढऱ्या सात आहेतच, पण प्रत्येक काळ्या पट्टीच्या जागी चार-चार तुकडे, मागे मागे जाणारे, आणि जिथे आपण काळी पट्टी अपेक्षितच नाही तिथेही बारीक तुकडे घुसवलेले. ताईने काचेला नाक लावून मोजायला सुरुवात केली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या रखवालदार बाई उठून आल्या. आम्हाला वाटलं, ओरडणार. त्या शेजारी उभ्या राहून इटालियनमध्ये मोजू लागल्या. दोघींचं उत्तर एकतीस आलं तेव्हा त्यांनी हात मिळवला.

या यंत्राचा लुत्सास्कीशी संबंध काय? निकोला विचेंतीनो हा संगीतकार एस्ते घराण्याच्या पदरी होता. प्राचीन ग्रीकांच्या संगीतात अर्ध्या स्वरापेक्षाही बारीक अंतरं होती आणि ती पुन्हा गाता-वाजवता आली पाहिजेत, या ध्यासापायी त्याने असं बहुपट्टी वाद्य तयार केलं आणि १५५५ मध्ये त्यावर ग्रंथही लिहिला. त्याचं ते वाद्य पुढे फेर्राराच्या दरबारात राहिलं. ते नीट वाजवू शकेल असा तिथे एकच माणूस होता, असं समकालीनांनी लिहून ठेवलंय. तो लुत्सास्की.

"म्हणजे श्रुती," मी म्हणालो.

ताई फिस्कारली. "श्रुती पट्टीत बसत नाही. तोडीचा गंधार आणि मुलतानीचा गंधार, दाखव बरं यात कुठले ते. रागाबरोबर हलते ती श्रुती. यांनी सप्तकाचे बारीक तुकडे केलेत, ही वेगळी गोष्ट." मग थोडं थांबून म्हणाली, "पण बोटं कशी फिरवत असेल रे तो?"

रात्री जेवताना एक धडा मिळाला, तो शाकाहारींच्या कामाचा आहे. बोलोन्यात तोर्तेल्लिनी म्हणजे लहान, आणि आत मांस. वर ज्या सुपात ती येतात तेही मांसाचंच. तोर्तेल्लोनी म्हणजे मोठी, आत बहुधा रिकोता चीज आणि पालक. एका अक्षराचा फरक आहे, ऑर्डर देताना बोट ठेवून दाखवा. पर्मेजानो चीजमध्ये वासराचं रेनेट (वासराच्या जठरातलं विरजण) असतं, हे ज्यांना चालत नाही त्यांनी 'सेन्झा फोर्माज्जो' एवढं पाठ करावं.

गुरुवार : फेर्रारा

बोलोन्याहून फेर्रारा लोकल गाडीने साधारण अर्धा-पाऊण तास. कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात ते छापून घ्या, नाहीतर तिकीट असून दंड. गाडीबाहेर काहीच दिसत नव्हतं. पांढरं, मग त्यात एखादं झाड, मग पुन्हा पांढरं.

स्टेशनवर उतरलो आणि धुक्यातून घंट्या येऊ लागल्या. सायकली! फेर्रारा सायकलींचं गाव आहे. पर्समध्ये भाजी खोचलेल्या आजीबाई, सूटातले वकील, मागे मूल बसवलेल्या आया, सगळे त्याच संथ लयीत पायडल मारत धुक्यातून येतात आणि धुक्यात जातात. गावाला जुन्या तटबंदीचा जवळजवळ नऊ किलोमीटरचा वेढा आहे आणि तिच्यावरूनही सायकल चालवता येते. भाड्याने सहज मिळते. ताईने गुडघ्याचं कारण पुढे केलं, म्हणून आम्ही चाललो.

गावाच्या अगदी मधोमध एस्ते घराण्याचा किल्ला. लाल विटांचा, चार बुरुज, आणि भोवती अजूनही पाणी भरलेला खंदक. तो बांधायला घेतला १३८५ मध्ये, करवाढीविरुद्ध लोक उठले आणि एका अधिकाऱ्याचे तुकडे केले त्यानंतर. म्हणजे हा किल्ला परक्या शत्रूसाठी नव्हता, स्वतःच्याच रयतेची धास्ती म्हणून होता. पुढच्या पिढ्यांनी त्याचाच महाल केला. खाली अंधारकोठड्या, वर चित्रांनी भरलेली दालनं. तळघरातल्या कोठडीची दारं इतकी बुटकी की मी वाकून गेलो तरी डोकं आपटलं. १४२५ मध्ये तेव्हाच्या राजाची तरुण बायको पारिझिना आणि त्याचाच मुलगा उगो यांना प्रेमप्रकरणावरून याच किल्ल्यात मारलं. ताई त्या भागात फार थांबली नाही.

वरच्या दालनांचं मात्र पाहून झालं म्हणता येत नाही. १५७० च्या मोठ्या भूकंपानंतर दुसऱ्या आल्फोन्सोने ती नव्याने रंगवून घेतली. एका दालनाचं छत कुस्ती, मुष्टियुद्ध, पोहणं, रथांच्या शर्यती अशा प्राचीन खेळांनी भरलंय. मान मोडू नये म्हणून जमिनीवर तिरके आरसे ठेवलेत. आरशात वाकून छत बघायचं. आरशात वाकलेली ताई आणि तिच्या खांद्यावर उलटा लटकलेला एक उघडा पैलवान, असा फोटो माझ्याकडे आहे. ताईच्या परवानगीशिवाय तो टाकता येणार नाही.

याच राजाची गोष्ट महत्त्वाची. आल्फोन्सोची दोन लग्नं झाली, दोन्ही बायका वारल्या, मूल नाही. आणि पोपशी करार असा की औरस वारस नसेल तर फेर्रारा चर्चच्या ताब्यात जाणार. १५७९ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने मांतुआच्या मार्गेरिता गोन्झागाशी तिसरं लग्न केलं. ती चौदा वर्षांची. मुलीला गाण्या-नाचण्याचं वेड आणि राजाला तर त्याहून. पुढच्या काही वर्षांत त्याने गाणाऱ्या स्त्रिया राणीच्या सख्या म्हणून दरबारात आणल्या. लाउरा पेवेरारा मांतुआहून आली, ती गाताना हार्प वाजवायची. आन्ना ग्वारिनी ही कवी ग्वारिनीची मुलगी, ती ल्यूट हे तंतुवाद्य घ्यायची. लिविया दार्को राणीबरोबर लहानपणीच आली होती, तिच्याकडे व्हिओला. आणि कीबोर्डवर लुत्सास्की.

हे गाणं बहुतेक रोज, तासन्‌तास, राणीच्या दालनात चालायचं. राजा ज्यांना बोलावील तेवढेच ऐकणार. इटालियनमध्ये त्याला 'मुसिका सेक्रेता' म्हणत. नक्कल बाहेर जाऊ नये म्हणून राजाने या चिजा छापू दिल्या नाहीत. खास पाहुण्यांना मात्र मैफलीत लिहिलेली प्रत हातात देऊन ताना बरोबर येतात का ते पडताळून बघायला मिळे, आणि पाहुणे घरी जाऊन आपापल्या राजांना पत्रं लिहीत. झालं ते अपेक्षेप्रमाणेच : फ्लॉरेन्स आणि मांतुआच्या दरबारांनीही असे स्त्रियांचे ताफे उभे केले. गाणं कुलपात होतं, पण त्याचा बोलबाला सगळ्या इटलीभर.

आपल्याकडे शिष्य बाहेर चीज नेईल म्हणून अर्धीच सांगणारे उस्ताद होतेच. ताईच्या गुरुजींच्या गुरुजींनी म्हणे पहाटे गाताना दार लावून घेतलेलं असायचं. फरक एवढाच की तिथे कुलूप गवयाचं होतं, इथे मालकाचं. लुत्सास्कीने स्वतःचं सर्वांत नवं काम वीस वर्षं दाबून ठेवलं, कारण तो नोकर होता. मला हे थोडं जाचकच वाटलं. ताईला नाही. "पगार कोण देत होतं?" एवढंच म्हणाली.

संध्याकाळी गारठा वाढला. उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाईंनी भोपळ्याची कापेल्लाच्ची करून वाढली. फेर्राराचा हा हातखंडा पदार्थ. लाल भोपळ्याचा गोडसर गर, जायफळ, वर लोणी आणि सेजची तळलेली पानं. ताईने दोनदा घेतली आणि बाईंना हातवारे करून आपल्या भोपळ्याच्या घारग्यांची कृती सांगितली. बाईंनी ती वहीत लिहून घेतली. गुळाला त्यांनी काय समजलं देव जाणे. पाव मात्र विचित्र. कोप्पिया नावाचा, चार शिंगं वळलेला, बाहेरून कडक. खायला सुरुवात शिंगांपासून करायची असते.

शुक्रवार : फेर्रारा

सकाळी कोर्पुस दोमिनी. हा क्लॅरा पंथाच्या संन्यासिनींचा मठ, अजूनही चालू. घंटा वाजवायची, मग आतून कोणी येऊन दार उघडतं. ठरावीक दिवशी सकाळच्या वेळातच उघडतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून जा आणि दानपेटीत काहीतरी टाका. पोपची मुलगी आणि आल्फोन्सोची आजी ल्युक्रेझिया बोर्जिया हिची कबर इथे आहे, म्हणून लोक येतात. तिच्याच परिसरात आमचा आल्फोन्सोही आहे. जमिनीत बसवलेल्या साध्या दगडी फरशा, मोठा पुतळा वगैरे काही नाही. किल्ल्यातल्या त्या रंगीत छतांनंतर हा साधेपणा विचित्र वाटतो. तिसऱ्या लग्नातूनही वारस झाला नाही. २७ ऑक्टोबर १५९७ ला तो गेला आणि साधारण तीन महिन्यांत कार्डिनल पिएत्रो आल्दोब्रांदिनी पोपतर्फे फेर्राराचा ताबा घ्यायला आला. एस्ते घराणं मोदेनाला हललं. पुस्तकं, चित्रं, वाद्यं जेवढी हलवता आली तेवढी गेली. दरबारच नाही म्हटल्यावर मैफलही संपली. मे १५९८ मध्ये आन्ना ग्वारिनीचा तिच्या नवऱ्यानेच खून केला.

या गावातल्या संन्यासिनींचंही गाण्यात मोठं नाव होतं. सान वीतो मठातल्या संन्यासिनी कॉर्नेट, ट्रॉम्बोन अशी फुंकून वाजवायची वाद्यं वाजवत, आणि त्यांची मैफल ऐकून थक्क झालेल्या एर्कोले बोत्रिगारीने १५९४ च्या आपल्या ग्रंथात तिचं वर्णन केलं. ताईला ही माहिती मी चालता चालता दिली. ती रस्त्यात उभीच राहिली. "ट्रॉम्बोन? बायका? आणि मठात?" पुढचा अर्धा तास ती सनई वाजवणाऱ्या आपल्याकडच्या बायका आठवत होती.

दुपारी कोर्सो जोव्हेक्काच्या बाजूला सांत'आन्ना इस्पितळाच्या जुन्या जागेवरून गेलो. कवी तोर्क्वातो तास्सोला याच आल्फोन्सोने १५७९ पासून सात वर्षं वेडा म्हणून इथे कोंडलं होतं. त्याच तास्सोने लाउरा पेवेरारावर किती कविता केल्या! ज्याच्या शब्दांवर दरबार गातो त्यालाच कोठडीत ठेवायचं, हा राजाश्रयाचा दुसरा चेहरा. मी ताईला म्हणालो, "आता परत म्हण, पगार कोण देत होतं." ती काही बोलली नाही.

मग कॉफीला थांबलो आणि सहलीतला सर्वांत चांगला तास तिथे गेला. गावातल्या संगीत विद्यालयाला फ्रेस्कोबाल्दीचं नाव आहे. हा फ्रेस्कोबाल्दी फेर्राराचाच, जन्म १५८३, पुढे युरोपभर गाजलेला ऑर्गनवादक, आणि शिष्य लुत्सास्कीचा. शेजारच्या टेबलावर एक मुलगी भल्या मोठ्या वाद्याची पेटी भिंतीला टेकवून बसली होती. ताईने खुणेने विचारलं, सेलो? ती म्हणाली, व्हिओला दा गांबा, म्हणजे पायांत धरून वाजवायचं जुनं तंतुवाद्य. ती त्याच विद्यालयात जुनं संगीत शिकत होती आणि तिला इंग्रजी उत्तम येत होतं. लुत्सास्कीचं नाव निघाल्यावर तिने टॅबलेट काढला आणि १६०१ च्या मूळ छापील पुस्तकाची पानं उघडली.

राजा गेल्यावर लुत्सास्की आल्दोब्रांदिनीच्या आश्रयाला गेला. होय, ज्याने फेर्रारा घेतलं तोच कार्डिनल. त्याच्याबरोबर रोमला जाऊन लुत्सास्कीने कुलूपबंद ठेवलेली बारा मॅड्रिगल्स छापली : एक, दोन आणि तीन स्त्री-आवाजांसाठी. मथळ्यातच लिहिलंय की ही 'दिवंगत ड्यूक आल्फोन्सोच्या मैफलीसाठी केलेली'. छपाई सिमोने वेरोवियोची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून. त्या काळी सुट्या खिळ्यांनी संगीत छापत, पण त्यात एका वेळी एकच सूर बसतो. कीबोर्डवर एकदम पडणारे चार सूर आणि झरझर खाली येणाऱ्या ताना दाखवायच्या तर कोरणंच भाग होतं.

पानावर वर तीन ओळी तिन्ही बायकांच्या, खाली दोन ओळी लुत्सास्कीच्या हातांच्या. बायकांच्या ओळींत मध्येच काळ्या ठिपक्यांचा थवा उतरतो आणि शेजारच्या ओळीत तोच थवा अर्ध्या मात्रेने मागून. सगळं लिहिलेलं. एकही तान गाणाऱ्यावर सोडलेली नाही. त्या काळच्या गायकांना ताना आपल्या मनाने घ्यायची सवय होती, कागदावर साधा सूर असायचा आणि नक्षी गळ्यातून यायची. इथे मात्र गळ्यातली सगळी नक्षी कागदावर.

ताईने चष्मा पुसला, पान मोठं केलं आणि टेबलावर बोटाने मात्रा धरून एक ओळ गुणगुणली. मग सरगम. मुलीने दुसरी ओळ धरली. कॉफीवाला यंत्र बंद करून ऐकू लागला. दुसऱ्या ओळीवर दोघी अडखळल्या, हसल्या, पुन्हा सुरू झाल्या. आणि मग ताई थांबून मराठीतच म्हणाली, "अगं, म्हणून लिहिलंय!" मी भाषांतर केलं. तिचं म्हणणं असं : एकटी बाई गात असेल तर तान तिची तिने घ्यावी, रोज वेगळी. पण तिघींनी एकदम घ्यायची तर आपापल्या मनाने घेऊन चालणारच नाही, टक्कर होईल. ती बसवूनच घ्यावी लागणार, रोज तालीम करून, आणि बसवायची तर कोणीतरी सगळ्यात आधी ठरवावी लागणार. "म्हणजे हा पेटीवर बसलेला माणूस नुसती साथ करत नव्हता. तिघींचे गळे तो एका जागी बसून लिहीत होता."

मुलीने मान डोलावली आणि पुढची गंमत दाखवली. खालच्या कीबोर्डच्या ओळी अगदी साध्या आहेत. जुन्या चार आवाजी मॅड्रिगलचा सांगाडाच हातांना दिलाय, आणि वरची बाई त्याच सांगाड्यातल्या सर्वांत वरच्या ओळीवर नक्षी करते. म्हणजे चाल जुनी, वस्त्र नवं. तिच्या मते याच वेळी फ्लॉरेन्समध्ये लोक एकट्या गळ्याला आणि बोलण्यासारख्या गाण्याला जास्त महत्त्व देत होते, त्यामुळे १६०१ मध्ये हे छापलं तोवर ते थोडं मागे पडलेलंही असेल. मला हे पटलं. वीस वर्षं पेटीत ठेवलेलं नवं, बाहेर काढेपर्यंत नवं राहत नाही.

लुत्सास्कीचा दुसरा हात पाहायचा तर त्याची पाच आवाजी मॅड्रिगल्स आहेत, अशी सात पुस्तकं. त्यातल्या दुसऱ्या पुस्तकात, १५७६ मध्ये, त्याने दान्तेच्या नरकातल्या ओळी घेतल्या : उसासे, रडणं, ओरडणं, काळोख. सूर असे खाली-खाली घसरतात की जमीन सरकल्यासारखी वाटते. १५९४ मध्ये कार्लो जेझुआल्दो हा राजपुत्र फेर्रारात आला, एस्तेंच्या लिओनोराशी लग्न करायला. पहिल्या बायकोचा आणि तिच्या प्रियकराचा खून करून तीन-साडेतीन वर्षं झालेली. गाण्यात मात्र हा वेडा माणूस. आपली आधीची पद्धत सोडून आता लुत्सास्कोचं अनुकरण करतोय, असं त्याने सांगितल्याची त्या काळच्या पत्रात नोंद आहे. जेझुआल्दोच्या त्या कर्कश, सुंदर, आजही विचित्र वाटणाऱ्या संगीताबद्दल लोक शंभर गोष्टी सांगतात. त्याने ज्याची नक्कल केली त्याचं नाव कोणी घेत नाही.

जाताना मुलीने ताईला विचारलं, तुमच्याकडे हे कसं लिहून ठेवतात? ताईने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "सांग तिला, लिहीत नाही. शिव्या खात शिकतो." मी शिव्या गाळून भाषांतर केलं.

बाहेर पडलो तर धुकं इतकं दाट की किल्ल्याचे बुरुज गायब, फक्त खंदकाजवळचे दिवे. वाटेत पाम्पापातो घेतला. कोको, बदाम, मसाले घातलेला गोल घट्ट केक, वर चॉकलेटचं कवच. नाताळच्या तोंडावर दुकानं भरलेली असतात. टिकतो बराच, त्यामुळे घरी आणायला उत्तम.

शनिवार : मोदेना

मोदेनाला जायचं तर पुन्हा बोलोन्याला येऊन गाडी बदलायची. तिथे पाटीवर आमच्या गाडीसमोर 'रद्द' आलं. संप. इटलीत संपाची तारीख बहुधा आधी जाहीर होते. 'शोपेरो' हा शब्द आणि आपली तारीख टाकून आदल्या रात्री शोधा, आम्ही शोधलं नव्हतं. दोन तास फलाटावर काढले, ताईने तिथेच पोळी-चटणीचा शेवटचा डबा उघडला. शेजारच्या आजोबांनी शेंगदाण्याच्या चटणीची बोटभर चव घेतली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मोदेनात धुकं विरळ होतं. एस्तेंची गॅलरी संग्रहालयाच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. बेर्निनीने घडवलेला फ्रान्चेस्को पहिला याचा संगमरवरी पुतळा तिथला मानकरी, आणि तो आहेही जबरदस्त : वाऱ्याने उडणारा दगडी झगा. आम्ही त्याला वळसा घालून पुढे गेलो.

हार्प एका काचेच्या मागे उभी आहे. १५८० च्या दशकाच्या सुरुवातीला रोममध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता जाकोमेत्ती याने बनवलेली, लाउरा पेवेराराच्या नावाशी जोडलेली. तारांच्या रांगा दुहेरी, पांढऱ्या पट्ट्यांचे सूर एकीत, काळ्यांचे दुसरीत, त्यामुळे बोटं एका रांगेतून आत घालून दुसरीतली तार छेडता येते. लाकडाचा जवळजवळ एकही इंच मोकळा सोडलेला नाही, बहुतेक सगळीकडे रंग आणि सोन्याची वेलबुट्टी. पण मला जास्त बघावीशी वाटली ती खालची बाजू, जिथे ती मांडीला आणि जमिनीला टेकते. तिथे सोनं नाही. फेर्रारा सुटताना मोदेनाला आलेल्या खजिन्यातली ही एक वस्तू. गाणारी नाही, राजा नाही, दालन रिकामं, वाद्य शाबूत.

ताईने तारा मोजल्या नाहीत. हाताची मूठ करून मांडीवर ठेवली आणि डाव्या हाताने हवेत तंबोरा छेडल्यासारखं काहीतरी केलं. "उभी राहून वाजवत असेल की बसून?" रखवालदाराला विचारलं तर त्याने खांदे उडवले आणि आम्हाला बंद व्हायची वेळ दाखवली.

खाली चौकात तळलेले न्योक्को खाल्ले, म्हणजे पुऱ्यांचे फुगलेले चौकोन. ऑर्डर देण्याआधी विचारा, कारण पुष्कळ ठिकाणी ते डुकराच्या चरबीत तळतात. बाल्सामिक व्हिनेगर इथलंच. खरं जुनं असतं ते छोट्या फुगीर बाटलीत आणि महाग असतं. स्वस्तातलं घ्यायचं तर भारतातही मिळतं, बॅगेत कशाला फोडायचं.

संग्रहालयांसाठी एक सूचना : तिन्ही गावांतली बरीच ठिकाणं सोमवारी बंद, काही मंगळवारी, आणि हिवाळ्यात वेळा बदलतात. संकेतस्थळ आदल्या दिवशी बघाच. फेर्रारात किमान दोन रात्री राहा, दिवसाची चक्कर मारून परत येणारे फक्त किल्ला बघतात. उन्हाळ्यात गेलात तर डासांचं मलम घ्या, दलदलीचं खोरं आहे ते.

आणि जायच्या आधी ऐकायचं असेल तर १६०१ च्या बारा मॅड्रिगल्सपैकी 'ओ प्रिमाव्हेरा'ने सुरुवात करा. ते एकट्या आवाजाचं आहे, वसंताला उद्देशून, त्यामुळे कान सरावतो. मग तिघींचं 'त'आमो, मिया व्हिता' लावा आणि ताना कोण कोणाकडून घेते ते मोजायचा प्रयत्न करा. दान्तेचं 'क्विव्ही सोस्पिरी' शेवटी, रात्री नको. ताईचं मत वेगळं आहे, ती म्हणते रात्रीच ऐकावं.